हनुवटीबाई आणि माझा डावा पाय

तापानं फणफणलेल्या माझ्या आठ वर्षांच्या पोरीच्या मानेवर मी एकदा पाय ठेवला होता. रागानं नव्हे, मायेनं. आणि एकदा नव्हे, तीनदा.

दचकू नका, सांगते. मी पायाळू आहे. सगळं जग डोक्याकडून जन्माला येतं, मी पायाकडून आले. आमच्या खानदेशात पायाळू माणसाला फार मान. पाठीत उसण भरली, कंबर धरली, मान लचकली की पायाळूचा पाय तीनदा लावून घ्यायचा. दुखणं उतरतं म्हणतात. लहानपणी वीज चमकली की आई मला गोधडीखाली कोंबायची, कारण वीज पायाळूला शोधत येते अशी गावाची खात्री. वीज काही आली नाही. मी मात्र लग्न करून सुरतेला गोडादऱ्यात आले आणि गल्लीला माझ्या पायाचा शोध लागला. गल्लीत सगळे लूमवाले, यंत्रमागावर राबणारे. बारा-बारा तास उभं राहायचं, सुताचे जड बीम उचलायचे. रोज कुणाची ना कुणाची कंबर धरलेलीच. मी साड्यांचे धागे कापत उंबऱ्यात बसले की एखादा आडदांड बाप्या येऊन ओट्यावर पालथा पडायचा, "वहिनी, जरा पाय." मी डावा पाय तीनदा लावायची, तो कण्हत उठायचा आणि "उतरलं बरं का" म्हणत कामावर जायचा. चौथीत मी दोनदा बसले होते, पण ह्या डाव्या पायाची ऐट अशी की मोठ्या डॉक्टरांनी उठून त्याला खुर्ची द्यावी.

त्या ऐटीला टाचणी लावणारी बाई आमच्याच समोरच्या घरात राहायला आली.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. तोंडावर सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे आणि पाठीमागे हनुवटीबाई. तीस वर्षं सरकारी इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या तरी मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूलाच बांधायच्या आणि कंबरेला चाव्यांच्या जागी एक बारीक टॉर्च. गल्लीत कुणाला ताप आला असं कानावर आलं की अनवाणी निघायच्या. आधी थर्मामीटर काखेत, मग हुकूम, "हनुवटी छातीला लाव." तोंड मिटून, मान पुढे वाकवून हनुवटी छातीला टेकली की बाई सुस्कारा टाकायच्या. मग पुढचं दुखणं काय असेल ते असो, त्यांना त्यात फारसा रस नसे.

ह्या हनुवटीपायी त्यांनी काय काय केलं! शेजारच्या नवरदेवाला हळद लागत होती आणि त्याची मावशी सहज बोलून गेली, "अंग कोमट लागतंय गं पोराचं." झालं. बाईंनी हळदीच्या बायका बाजूला सारल्या आणि मुंडावळ्या बांधलेल्या माणसाला मान वाकवायला लावली. मुंडावळ्या सुटून हळदीच्या वाटीत. कोपऱ्यावरचा किराणावाला गुजराती होता; तो शिंकला तरी ह्या तराजूपुढे उभ्या. तो हात जोडायचा, "बेन, मने तो खाली शरदी छे!" बाई म्हणायच्या, "शरदी तमारी, डोक मारी. नीची करो." सर्दी त्याची असली तरी मान बाईंची; तो बिचारा ती खाली घालून साखर जोखायचा.

गल्लीतल्या पोरांनी तर त्याचा खेळच केला होता, हनुवटी-हनुवटी. एकानं डोक्याला रुमाल बांधून सिस्टर व्हायचं, बाकीच्यांनी ओळीत उभं राहून हनुवटी छातीला लावायची. जो हसेल तो बाद. आमची वैशाली सिस्टर फार झकास व्हायची. कंबरेवर हात, भुवया वर, "ताप हाताला विचारायचा नसतो, पाऱ्याला विचारायचा!" हे बाईंचं वाक्य ती अशी म्हणायची की बाई स्वतः खिडकीतून हसायच्या. मी तर पदर तोंडात कोंबून लोळायची. ती चेष्टा पोरीला मीच शिकवली होती, हेही आता सांगून टाकते.

बाईंच्या तोंडी तीन भाषा होत्या. दुकानात गुजराती, आमच्याशी दवाखान्याची इस्त्री केलेली मराठी आणि तिसरी आमच्या खानदेशाची अहिराणी. अहिराणी फार क्वचित निघायची. एक तर त्या घाबरल्या असतील तेव्हा, नाहीतर आतून अगदी मऊ झाल्या असतील तेव्हा. दोन्ही वेळा मी पाहिल्या.

माझ्या पायाचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक त्यांच्या दारावरूनच यायचं. ओट्यावर कुणी पालथा पडलेला दिसला की त्या खिडकीतून विचारायच्या, "काय गं पायाळू, ह्या पायाची डिग्री कुठल्या कॉलेजची?"

"जन्मताच मिळाली, सिस्टर. तुमच्यासारखी तीन वर्षं नाही लागली."

"कंबरेपर्यंत ठीक आहे. पण तापातल्या माणसाला पाय लावशील तर माझ्याशी गाठ आहे." हे म्हणताना त्या हसत नसत. मला वाटायचं, जळतात बाई.

आणि मग तो दिवस आला. होळी होऊन गेली होती. वैशालीचा कान आठ दिवस ठणकत होता. मी लसूण घालून कोमट तेल सोडलं होतं आणि स्वतःवर खूश होते. आदल्या संध्याकाळी ताप चढला. सकाळी डोकं धरून रडायला लागली, "फुटतंय गं आई." तीनदा ओकली. खिडकीतला उजेड टोचतो म्हणून माझी जुनी साडी डोळ्यांवर घेऊन पडली आणि दुपारपर्यंत हाक मारली तर अर्धवट ओ देऊ लागली. आणि मी हुशार बाई! प्रत्येक दुखण्याला मी वेगळं कारण काढून दिलं. ओकारी पाणीपुरीची. डोकं उन्हाचं. उजेड टोचतो म्हणजे डोळे येणार. गुंगी जागरणाची. मान हलत नव्हती, ती उसण. पाच दुखणी मिळून एकच नाव ओरडून सांगत होती आणि मी प्रत्येकाला वेगळ्या घरी पाठवत होते.

नाव पोरीनंच सांगितलं. डोळे न उघडता म्हणाली, "आई, हनुवटी लागत नाही गं छातीला. सिस्टरमावशीला बोलव."

खेळात शिकलेली परीक्षा तिनं स्वतःच घेतली होती. समोरचं दार दहा पावलांवर. आणि मी काय म्हणाले? "गप पड. घरात पायाळू आई असताना समोरची सिस्टर कशाला?"

खरं कारण वेगळंच होतं. बाई येऊन काय विचारणार हे मला पक्कं ठाऊक होतं आणि उत्तर त्यांच्या बाजूचं निघणार हेही. चार बायकांत माझा पाय हरला असता. म्हणून मी तिला कुशीवर वळवलं, मानेला डावा पाय लावला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ती अशी किंचाळली की मला अजून आवाज ऐकू येतो.

त्या किंकाळीनं बाई आल्या. माझा पाय अजून गादीवरच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांची अहिराणी ऐकली, "काय करी राहिनी व माय!" मला कोपरानं बाजूला सारून त्या गुडघ्यांवर बसल्या, वैशालीच्या डोक्याखाली हात घालून हळूच उचललं. मान वाकलीच नाही. डोकं, मान, खांदे, सगळं फळीसारखं एकसंध वर आलं आणि गुडघे आपोआप दुमडले. बाईंनी टॉर्च काढून अंगावर कुठे लाल-जांभळे डाग आहेत का ते पाहिलं. डाग नव्हते.

"रिक्षा आण. मोठ्या इस्पितळात."

"आधी आपल्या गल्लीतल्या डॉक्टरला..."

"नाही. ह्यात दिवस मोजत नाहीत, तास मोजतात. चल."

रिक्षात त्यांनी पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि उजेड लागू नये म्हणून सगळा वेळ स्वतःच्या पदराची छत्री धरली. मी पायाशी बसले होते. माझी जागा तीच होती.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, मेंदूज्वर वाटतो, पाठीतलं पाणी काढून बघावं लागेल. आमचे हे कारखान्यातून धावत आले होते. लूमच्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते बोलतातही ओरडून. "पाठीत सुई घातली की पोर लुळी पडते! मी सही करणार नाही!" अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. बाई त्यांच्या कानाशी गेल्या आणि त्यांच्याहून मोठ्यानं ओरडल्या, "भाऊ, सुई कंबरेत खाली जाते. मज्जारज्जू त्याच्या वरच संपतो. लुळी पडली तर सुईनं नाही पडणार, तुमच्या थांबण्यानं पडेल!" ह्यांनी सही केली. मी ते पाणी पाहिलं. नितळ असायला हवं म्हणे. ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं. तपासणीचा निकाल यायची वाट न बघता डॉक्टरांनी जंतू मारायचं औषध शिरेतून सुरू केलं आणि सूज उतरायला आणखी एक इंजेक्शन. संध्याकाळी वैशालीला झटका आला. डोळे वर, हातपाय ताठ. मी भिंतीला धरून उभी होते. जवळ जायची माझी हिंमत नव्हती.

बाहेरच्या बाकावर बाईंनी मला समजावलं, तेही माझ्याच धंद्याच्या भाषेत. "ब्लाउजला आतून अस्तर असतं ना, तसं मेंदूला असतं. त्या अस्तराला जंतू लागलेत. बहुधा दुखऱ्या कानातून गेले. अस्तर सुजलं की डोकं फुटतं, ओकारी येते, मान ताठ होते. अस्तरापाशी औषध पोचवायचं तर शिरेतूनच, आणि तेही लवकर."

मी विचारलं, "माझ्या पायानं झालं का, सिस्टर?"

"पायानं नाही झालं. उशिरानं झालं असतं."

मला ते पटलं नाही. पुढची कितीतरी वर्षं पटलं नाही.

चौथ्या दिवशी वैशालीनं डोळे नीट उघडले आणि चहात बुडवून खारी मागितली. ताप उतरला. ह्यांनी लगेच पिशवी भरायला घेतली, "बरी झाली पोर, चला घरी!" बाईंनी पिशवी उलटी करून कपडे पुन्हा खाटेवर ओतले. "ताप गेला म्हणजे जंतू गेले असं कुणी सांगितलं? डॉक्टर म्हणतील त्या दिवशी हलायचं." दोन आठवडे आम्ही तिथे होतो. बाई रोज डबा घेऊन यायच्या, आणि डब्याच्या निमित्तानं वॉर्डातल्या सगळ्या आयांना शिकवून जायच्या. मान वाकली म्हणजे सुटलो असं समजू नका. तान्ह्या बाळाची मान मऊच राहते, त्याची टाळू फुगली का बघा, दूध सोडलं का बघा, उचलून घेतल्यावर जास्तच रडतं का बघा. नव्या नर्सा त्यांना पाहून हसायच्या. मी आता हसत नव्हते.

घरी आलो. निघताना इस्पितळानं एक चिठ्ठी दिली होती, पोरीचे कान तपासून घ्या म्हणून. ती मी देवाच्या तसबिरीमागे खोचली. पोर वाचली, आता कानाचं काय घेऊन बसायचं? आणि आमच्या घरात बाप ओरडून बोलतो म्हणून सगळेच ओरडून बोलतात. कुणाला कमी ऐकू येतं हे कळायला आमचं घर म्हणजे सगळ्यात नालायक जागा. बाईंनीच ओळखलं. वैशाली धागे कापत बसली होती. बाई मागून आल्या आणि साडीवरचं कचकच वाजणारं प्लास्टिक तिच्या उजव्या कानाशी चुरगाळलं. तिनं मान वळवली. मग डाव्या कानाशी. ती कापतच राहिली. बाईंनी पुन्हा चुरगाळलं. ती कापतच राहिली.

"चिठ्ठी कुठाय?" बाईंनी मला विचारलं. मी तसबिरीकडे पाहिलं.

डावा कान जवळजवळ गेला होता. ह्या आजारात असं होतं, डॉक्टर म्हणाले. कुणाला फिट्स राहतात, कुणाचा अभ्यास मागे पडतो, कुणाचा कान जातो. वेळेत औषध मिळालं म्हणून एवढ्यावर निभावलं. शाळेत तिला पुढच्या बाकावर, उजवा कान वर्गशिक्षिकेकडे करून बसवायचं ठरलं. पण मी मनात एकच हिशोब घोकत होते. पाय डावा. कान डावा. त्या दिवसापासून ओट्यावर कुणी पालथा पडला की मी सांगायची, "पाय गेला माझा. दुसरीकडे बघा." लोकांना वाटलं, वहिनी फार शिष्ट झाली.

वैशाली मात्र त्या कानावर मजेत राज्य करते. आज ती महापालिकेच्या शाळेत शिकवते आणि मी उपदेश सुरू केला की बरोबर डावी बाजू माझ्याकडे येते. "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं." खारीचा दुसरा तुकडा विचारला तर मात्र दोन खोल्या पलीकडून ऐकू येतं.

एकदा बाई आणि मी त्यांच्या गच्चीवर पापड वाळत घालत होतो. वैशालीच्या लग्नाचे पापड होते ते. बाई एकाएकी म्हणाल्या, "मला धाकटी बहीण होती. सहा वर्षांची. ताप, ओकाऱ्या, ताठ मान. आमच्या आईनं गावातल्या पायाळू म्हातारीकडे नेली. तिनं पाय लावला, म्हणाली, उद्या उतरेल." एक पापड त्यांनी उगाचच उलटा-सुलटा केला. "म्हातारी चांगली होती बिचारी. ती पण रडली नंतर."

एवढंच. म्हणजे माझ्या ओट्यावरचा तो पाय ही बाई समोरच्या खिडकीतून रोज बघत आली होती. आणि मी समजत होते, जळतात.

वैशालीला मुलगी झाली तेव्हा बाईंनी लशीचं कार्ड स्वतःच्या ताब्यात घेतलं. "ह्यातल्या काही जंतूंवर आता लस आहे. एक जरी चुकवलीस तर आजीच्या पायाखाली देईन तुला," असा वैशालीला दम. मला पाहून डोळा मिचकावला. मी हसले, पण पाय साडीखाली ओढून घेतला. बाईंच्या ते लक्षात आलं असणार. त्यांच्या नजरेतून काय सुटायचं?

आता बाई नाहीत. गावी भाच्याकडे गेल्या आणि तिथे दोन वर्षांनी म्हातारपणानंच गेल्या. वर पोचल्या पोचल्या त्यांनी चित्रगुप्ताला हनुवटी छातीला लावायला सांगितलं असणार. तो बिचारा कायम वहीत मान घालून बसलेला. पहिल्या झटक्यात पास झाला असेल.

पण त्या गोडादरा सोडून निघाल्या, ती सकाळ सांगायची राहिली. भुसावळकडे जाणारी गाडी दुपारची होती. वैशाली दोन वर्षांच्या लेकीला घेऊन निरोपाला आली होती, किराणावालाही दुकान सोडून उभा. सामान काढताना बाईंनी कुणाचं न ऐकता लोखंडी ट्रंक स्वतःच ओढली आणि "आई गं!" करून जागच्या जागी वाकल्या. पाठीत उसण. सरळ होता येईना. ह्यांनी धरून ट्रंकेवर बसवलं. किराणावाला बामाची डबी आणायला धावला. बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"पायाळू, इकडे ये."

मी न कळल्यासारखं केलं. "बाम येतोय, सिस्टर."

"बाम नको. पाय लाव."

मी मान हलवली. "नाही. हा पाय मी आता कुणालाही लावणार नाही. तुम्हाला तर नाहीच नाही." आणि पुढचं सगळं पोरीसमोर बाहेर पडलं, इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं, "तिचा कान घेतला ह्यानं. तुमच्या बहिणीला पण असाच..."

वैशालीचा उजवा कान माझ्याकडे होता. तिनं सगळं ऐकलं. ती लेकीला कडेवर घेऊन माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

बाईंनी पर्समधून थर्मामीटर काढला. झटकला. स्वतःच्या काखेत धरला आणि आतल्या बाजूचं घड्याळ बघत बसल्या. आम्ही सगळे उभे. गाडीची वेळ होत होती, रिक्षावाला भोंगा वाजवत होता, पण बाईंचा थर्मामीटर काखेत असताना बोलायची गोडादऱ्यात कुणाची टाप नव्हती. मग त्यांनी तो काढून आधी स्वतः वाचला, मग माझ्या डोळ्यांसमोर धरला. तोंड मिटलं. पाठीत कळ येत होती तरी मान पुढे वाकवली आणि हनुवटी छातीला पुरती टेकवून दाखवली. डोकं वर केलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. उसणीचं की कशाचं, मी विचारलं नाही. आणि दवाखान्याची मराठी सोडून म्हणाल्या,

"दख, ताप नही, हनुवटी छातीले लागनी. आते ही नुसती उसण शे व माय. कसाले घाबरस? लाव तुना पाय."